तक्रार : आवाज येतो

आपल्या वार्षिकात मोटारगाडीवर लेख यावा हे काही जणांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. कलाशाखेच्या अंकात पावसावर लिहावे, आईवर लिहावे, ‘आजच्या तरुणांपुढील समस्या’ यावर तर लिहावेच लिहावे, अशी वहिवाट आहे. मोटारीचा विषय आयटीआयवाल्यांचा. परंतु महाविद्यालयामागच्या शेडमध्ये ज्या गाड्या उभ्या असतात त्या आयटीआयवाल्यांच्या नाहीत, आपल्याच प्राध्यापकवर्गाच्या आहेत. आणि पावसाळ्यात त्यांपैकी एखादी सुरू होईनाशी झाली की धक्का मारायला ज्यांना वर्गातून बोलावणे येते ती मुलेही कलाशाखेचीच असतात. म्हणजे मोटारीशी आपला संबंध आहे. फक्त तो खांद्याचा आहे, डोक्याचा नाही, एवढेच.

माझ्या मामाचे गॅरेज चिपळूण-कराड रस्त्यावर, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन मुले, एक जॅक, एक कॉम्प्रेसर आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. गेली तीन वर्षे सुट्टीत मी तिथे नोंदवही लिहिते. गाडी आली की तारीख, नंबर, किलोमीटर आणि शेवटी ‘तक्रार’ असा एक रकाना. मामाची शिस्त अशी, की गिऱ्हाईक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचे, आपले काही घालायचे नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला याहून चांगले प्रात्यक्षिक कुठे मिळणार? ‘गाडी उठत नाही.’ ‘सकाळी खोकते.’ ‘चढाला दम लागतो.’ ‘ब्रेक लावला की मान टाकते.’ ‘पेट्रोल पिते.’ आपण गाडीला जनावर समजून बोलतो, आणि बैलाची भाषा अजून आपल्या तोंडातून गेलेली नाही, हे मला त्या वहीने शिकवले. पण या सगळ्या नोंदींवर मात करणारी एक नोंद आहे. वहीच्या प्रत्येक पानावर ती दोनतीनदा तरी सापडते. ‘आवाज येतो.’

कुठून येतो? ‘पुढून.’ कसला येतो? ‘कसला म्हणजे... आवाजच.’ कधी येतो? ‘येतो मधून मधून.’ आणि मामा चक्कर मारायला बसला की तो येत नाही.

माझे म्हणणे असे आहे की सामान्य मोटारवाल्याचा जो पैसा दुरुस्तीवर विनाकारण जातो, त्यातला पुष्कळसा या दोन शब्दांवाटे जातो. ‘आवाज येतो’ एवढेच सांगून जो गृहस्थ गाडी सोडून जातो, तो कोऱ्या कागदावर सही करून जातो. त्यावर पुढे काय लिहायचे ते गॅरेजवाल्याच्या सचोटीवर, आणि सचोटी असली तरी त्याच्या अंदाजावर. अंदाज चुकला की एक भाग बदलला जातो. आवाज राहतो. मग दुसरा भाग बदलला जातो.

नवल याचे वाटते, की हीच माणसे डॉक्टरपुढे बसली की केवढी नेमकी बोलतात! जेवणानंतर दोन तासांनी, उजव्या बरगडीखाली, आधी जळजळ आणि मग कळ. दुखण्यासाठी आपल्याकडे केवढे शब्द आहेत पाहा : कळ, ठणका, चमक, उसण, मुरडा, सणक, आग, ठसठस. यांतला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. नाडी न पाहता वैद्याला अर्धे निदान सांगणारी ही भाषा आपल्या आजीने घडवली. आवाजाच्या बाबतीत तर मराठी याहून श्रीमंत आहे. अनुकरणवाचक शब्दांचे प्रकरण आपण व्याकरणात दोन गुणांसाठी पाठ करतो आणि सोडून देतो. मी म्हणते, ते प्रकरण गॅरेजात घेऊन जावे. तिथे त्यातला एकेक शब्द हजारो रुपयांचा आहे.

सकाळी गाडी सुरू करताच, विशेषतः पावसात, ‘कुईऽऽ’ असा आवाज येतो आणि मिनिटभरात जातो : पट्टा सैल झाला आहे किंवा वाळून गुळगुळीत झाला आहे. किल्ली फिरवल्यावर नुसतेच ‘कट्, कट्’ होते आणि दिवे मंदावतात : बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी साचली आहे, ती भुकटी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने जाते, त्यासाठी नवी बॅटरी लागत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली की ‘टक्टक्टक्’ : पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा गेला. त्यावरची रबरी टोपी फाटते, आतले ग्रीस उडते, धूळ शिरते आणि सांधा झिजतो. ही टोपी वेळेवर बदलली तर सांधा वाचतो, हे जाता जाता. खड्ड्यातून जाताना ‘खडखड’ आणि गुळगुळीत रस्त्यावर शांत : बुश किंवा लिंक. चढावर वरच्या गिअरमध्ये रेटताना खिशातल्या सुट्या नाण्यांसारखी ‘खुळखुळ’ : इंजिनात पेट्रोल वेळेआधी भडकते आहे; निदान त्या क्षणी तरी गिअर उतरवा. हलका ब्रेक लावताच ‘चीं’ : ब्रेकचे पॅड संपत आल्याची सूचना, कित्येक पॅडांना ती पत्र्याची जीभ मुद्दाम त्यासाठीच बसवलेली असते. त्याकडे दुर्लक्ष केले की काही आठवड्यांनी ‘चीं’ची ‘खर्र’ होते, आणि तेव्हा पॅडची लोखंडी पाठ ब्रेकची तबकडी खाऊ लागलेली असते. ‘चीं’ला पॅड बदलून भागते, ‘खर्र’ला तबकडीही बदलावी लागते.

गेल्या उन्हाळ्यात इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक गाडी घेऊन आले. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. ‘ताशी ४०च्या पुढे घूंऽऽ असा आवाज. वेगाबरोबर वाढतो. क्लच दाबला तरी तसाच. उजवीकडे वळताना वाढतो, डावीकडे वळताना जवळजवळ नाहीसा होतो.’ मामाने ती चिठ्ठी वाचली आणि गाडी न चालवताच मुलाला पुढचे डावे चाक उघडायला सांगितले. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या अंगावर येतो. तेव्हा ओरडणारे बेअरिंग डावेच असणार. क्लच दाबूनही आवाज तोच, म्हणजे इंजिनाचा त्यात हात नाही. दुपारच्या चहाला गुरुजी घरी गेले. मामा म्हणाला, “बघ गो, असा गिऱ्हाईक पाहिजे.” योगायोग असा, की त्याच महिन्यात एक गृहस्थ नेमका तोच बिघाड घेऊन आले, पण तत्पूर्वी ते शहरातल्या एका मोठ्या कार्यशाळेत ‘आवाज येतो’ असे सांगून आले होते. त्यांचे दोन टायर आणि दोन शॉकअॅबसॉर्बर बदलून झाले होते. कोणी त्यांना लुबाडले असे मी म्हणत नाही. घूंघूं करणारा आवाज झिजलेल्या टायरचाही असू शकतो. त्यांनी वळणाची गोष्ट सांगितली असती तर तो प्रश्नच उरला नसता; आणि कार्यशाळेच्या काउंटरवर टाय लावून बसलेल्या मुलाने ती विचारलीही नाही.

इथे एक अवांतर. नोंदवही घेऊन मी पुढे झाले की पुष्कळ जण विचारतात, “मामा कुठायत?” आणि मला काही कळणार नाही अशा समजुतीने जे सांगतात ते आणखीच मोघम करून सांगतात. उलट, गाडी चालवत आलेल्या बाईला गॅरेजवाले जे सांगतात ते वेगळेच प्रकरण आहे. आपल्या मॅडमलोकांनी त्यावर एकदा लिहावे.

कोणी म्हणेल, मग आम्ही सगळ्यांनी मेकॅनिक व्हायचे का? मुळीच नाही. पोटदुखी नीट सांगण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. जुन्या मंडळींचे याबाबतीत एक आवडते म्हणणे असते, की आमच्या वेळी प्रत्येक ड्रायव्हर अर्धा मिस्त्री असे. खरे आहे. पद्मिनी किंवा अँबॅसिडर घेऊन घाट चढणारा माणूस डिकीत पाण्याचा कॅन, जादा पट्टा, प्लगचा पाना आणि पॉलिश पेपर ठेवीत असे. उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला, तर बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकून विडी ओढत बसे. पण तो एवढे शिकला, कारण गाडी त्याला रोज शिकवीत असे! ती वारंवार बंद पडे. कुर्ल्यात तयार होणारी पद्मिनी या शतकाच्या सुरुवातीलाच थांबली, तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. तिच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की आजची गाडी चोक न ओढता, थंडीत, पहिल्या किल्लीला सुरू होते, आणि ही गोष्ट लहान नाही. माझी तक्रार गाडीविषयी नाहीच. गाडी सुधारली आणि आपण बिघडलो. ती बंद पडत नाही म्हणून आपण तिच्याकडे पाहणे सोडले.

पाहतो ते फक्त दसऱ्याला. त्या दिवशी झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. खंडेनवमीला मामाही पान्यांची पूजा करतो, आणि ते दृश्य मला मनापासून आवडते. परंतु मामाचे पाने वर्षभर त्याच्या हातात असतात. आपले तसे नाही. गाडीला नारळ फोडणाऱ्या दहा जणांना विचारा, इंजिनातल्या ऑईलची पट्टी तुम्ही शेवटची कधी उपसून पाहिली? पट्टी कुठे असते हेच निम्म्यांना माहीत नसते. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. ‘३२१७’ असतील तर तो टायर २०१७ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने म्हातारे होते. असा टायर, त्यातही हवा कमी, घेऊन लोक समृद्धी महामार्गावर ताशी १२०ने निघतात. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दबण्याने तापतो, आणि तापून फुटतो. लिंबू बिचारे काय करणार?

न पाहण्याची किंमत आम्ही चिपळूणकरांनी एकदा एकाच सकाळी मोजली. २२ जुलै २०२१. मी तेव्हा नुकतीच दहावी झाले होते. वाशिष्ठीचे पाणी रातोरात बाजारपेठेत शिरले, घरे-दुकाने गेली, माणसे गेली. त्या दुःखापुढे गाड्यांचे काय, असे वाटेल. परंतु पाणी ओसरल्यावर ज्यांची उपजीविकाच गाडीवर होती, रिक्षावाले, टेम्पोवाले, टुरिस्ट गाडीवाले, त्यांच्यासाठी तो प्रश्न घराइतकाच मोठा होता. गाड्या चिखलातून वर आल्या. आतून पाणी निथळले. आणि मग माणसाने जे स्वाभाविकपणे करावे ते पुष्कळांनी केले : देवाचे नाव घेऊन किल्ली फिरवली.

तेच करायचे नव्हते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, हा आठवीच्या विज्ञानातला धडा आहे. सिलिंडरमध्ये पाणी असताना किल्ली फिरवली की पिस्टन वर येतो, त्याला पाणी दाबता येत नाही, आणि सगळा जोर मधल्या कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. कधी तुटून इंजिनाला भगदाड पाडतो. न फिरवली असती तर बॅटरीची वायर सोडून, प्लग काढून, पाणी उपसून, दुधाळ चहासारखे झालेले ऑईल बदलून ती गाडी पुष्कळदा वाचते. मामाकडे त्या ऑगस्टमध्ये दोन्ही प्रकारच्या गाड्या ओढून आणल्या होत्या, आणि शेजारी शेजारी उभ्या असताना बाहेरून त्यांच्यात काही फरक दिसत नव्हता. विम्याचे पाहावे तर तिथेही तीच किल्ली आडवी येते. पुराचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत असते. परंतु पाण्यात बुडालेले इंजिन फिरवल्याने जे मोडले ते पुराने नव्हे, तुम्ही मोडले, असे म्हणून त्याचा दावा बहुधा नाकारतात, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले असले तरच ते मिळते. ‘पाण्यात गेलेली गाडी सुरू करू नका’ हे सहा शब्द त्या दिवशी कोणी रिक्षावर भोंगा लावून ओरडत फिरले असते, तर कितीतरी कर्जाचे हप्ते वाचले असते. विंचू चावला तर काय करावे हे कोकणातले पोरही सांगते. बुडालेल्या मोटारीचे ज्ञान अजून त्या पंक्तीला येऊन बसलेले नाही. पाणी तर दर पावसाळ्यात वाट पाहत असते.

घाटाचेही असेच. उतारावर गाडी न्यूट्रल करायची, काही तर इंजिनच बंद करतात. पेट्रोल वाचते म्हणे. ही समजूत बापाकडून मुलाकडे वारशाने येते आणि कार्बोरेटरच्या जमान्यात तिच्यात थोडे तथ्यही असेल. आजच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारे पेट्रोल पूर्ण बंद होते, चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केली की मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालत राहण्यासाठी पेट्रोल प्यावे लागते. म्हणजे वाचवायला जावे तिथेच खर्च होतो, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, त्यातले तेल उकळते, आणि पाय थेट खाली जातो. इंजिन बंद केलेले असेल तर दोनचार दाबांनंतर ब्रेक दगडासारखा होतो. हेळवाकच्या बाजूने उतरून आलेल्या गाडीच्या चाकांतून येणारा तो करपलेला वास आम्हाला गॅरेजात बसल्या बसल्या कळतो. मामा अशा माणसाला आधी पाणी देतो, मग बोलतो.

आता नव्या गाड्यांकडे येते, कारण तिथे प्रश्न नुसत्या भाषेचा राहत नाही, हक्काचा होतो. आजची गाडी स्वतःच आपली तक्रार लिहून ठेवते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि आत एक सांकेतिक आकडा नोंदला जातो. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. लाल म्हणजे इथेच थांबा. विशेषतः अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखे दिसणारे लाल चित्र. ते ऑईल कमी असल्याचे नव्हे, ऑईलचा दाबच पडल्याचे लक्षण आहे, आणि ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणेपर्यंत इंजिन जाम होऊ शकते. असो. तर तो सांकेतिक आकडा वाचायला स्कॅनर लागतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाही. का होत नाही? प्लग, कॉइल, इंजेक्टर की आणखी काही, हे तो सांगत नाही. ‘पी ०४२०’ आला की धूर शुद्ध करणारा महागडा भाग बदला असे सरसकट सांगतात; वस्तुतः सायलेन्सरच्या नळीला बारीक भोक असले किंवा तिथला सेन्सर गेला असला तरी तोच आकडा येऊ शकतो. हा आकडा म्हणजे निकाल नव्हे, साक्ष आहे. साक्षीची उलटतपासणी करावी लागते, आणि ते काम ज्याला पंचवीस वर्षांचा हात आहे तोच चांगले करतो.

पण त्याला साक्षच मिळू दिली नाही तर? ही कल्पित गोष्ट नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी, की त्यांनी अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली नाहीत. पुढे अपिले झाली, कज्जे लांबले. २०२२च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारीही घेतल्या. यावर वर्तमानपत्रांत अग्रलेख यावेत इतका हा विषय मोठा आहे. कारण मी जी वस्तू विकत घेतली तिचे गुपित विकणाऱ्यानेच स्वतःकडे ठेवले, तर ती वस्तू माझी झाली की मी तिची कायमची कुळ झाले? कूळकायदा शिकलेल्या महाराष्ट्राला हा प्रश्न समजायला जड जाऊ नये.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचेही तसेच आहे. इथेनॉलला माझा विरोध नाही. उसाच्या मुलखात पै-पाहुणे असलेल्यांनी तो करूही नये. परंतु २० टक्के मिश्रण २०२५पर्यंत देशभर पंपांवर आले, आणि ज्यांच्या गाड्या एप्रिल २०२३च्या आधीच्या होत्या त्यांना दुसरा पर्याय समोर ठेवला गेला नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालानेच जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. हे पंपावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले मी अजून पाहिले नाही. परिणामी नोंदवहीत ‘पेट्रोल पिते’ ही तक्रार वाढली, आणि तिच्यापायी लोक विनाकारण प्लग आणि फिल्टर बदलून घेऊ लागले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, एवढे एक वाक्य माहीत असते तर त्यांनी गाडीला दोष दिला नसता, आणि जुन्या रबरी नळ्या तेवढ्या तपासून घेतल्या असत्या.

या सगळ्यात गॅरेजवाल्यांना मी धुतल्या तांदळासारखे ठरवते आहे असे कोणी समजू नये. न बदललेला भाग बदलला म्हणून बिल लावणारे आमच्याच रस्त्यावर आहेत, आणि मामाला ते माहीत आहेत. त्यावर उपाय सोपा आहे : जुना भाग परत मागा. मामा तो न मागता वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवतो. बरेच जण घरी गेल्यावर तो फेकून देतात. एकदोघे परत येऊन विचारतात, हा कशामुळे गेला? अशा माणसांना मामा कामातून उठून उत्तर देतो.

भाषेच्या अभ्यासकांनी या पत्र्याच्या शेडमध्ये यावे असे मला आणखी एका कारणासाठी वाटते. जादा चाकाला आपण सगळे स्टेपनी म्हणतो. १९०४च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, पंक्चर झालेल्या चाकावर अडकवायचे एक जादा चाक तयार झाले आणि त्या रस्त्याचे नाव त्याला चिकटले. खुद्द विलायतेत तो शब्द केव्हाच मागे पडला. आमच्या घाटात तो ठणठणीत आहे. असे शब्द गॅरेजात पोत्याने आहेत, आणि कोशात ते नाहीत, कारण कोश करणारे ऑईलने हात काळे करीत नाहीत. परवा एक गृहस्थ विजेवरची नवी गाडी घेऊन आले. म्हणाले, इंजिनाचा आवाजच नसल्याने टायरचा, दाराचा, सीटच्या पट्ट्याचा, सगळा बारीक आवाज ऐकू येतो, आणि त्यातला कुठला बिघाडाचा ते कळत नाही. तक्रारीच्या रकान्यात काय लिहावे, मला सुचेना. त्या गाडीसाठी नवे शब्द लागतील. ते कोणी तरी घडवावे लागतील.

म्हणून प्राचार्यांना माझी एक विनंती आहे. वक्तृत्व, काव्यवाचन, वृक्षारोपण यांच्या यादीत एक दुपार घालावी. शेडमधल्या सगळ्या गाड्यांची बॉनेटे त्या दुपारी उघडावीत. ऑईलची पट्टी, कूलंटची बाटली, ब्रेकच्या तेलाची पातळी, टायरवरचे चार आकडे, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याने आणि प्राध्यापकाने स्वतः पाहावे. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण का उघडू नये, ते समजून घ्यावे. आणि मराठी विभागाने आवाजांची यादी करावी. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवणारे आपल्यात कोण कोण आहेत, तेही त्या निमित्ताने उघड होईल. खर्च काही नाही, चहा तेवढा द्यावा लागेल. मामाला मी विचारले आहे. तो यायला तयार आहे. फक्त रविवार नको म्हणतो. रविवारी घाटात गाड्या फार बंद पडतात.